सर्जेरावांची टाकी पाच वेळा कशी गळाली

भरलेली टाकी जळते, रिकामी टाकी फुटते. मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीबद्दल एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत, तर पुढचं वाचलं नाहीत तरी माझी तक्रार नाही. टाकी रिकामी झाली की लोकांना वाटतं, आता कसली भीती? पण पेट्रोल गेलं तरी त्याची वाफ आत दबा धरून बसलेली असते आणि तिला एक ठिणगी पुरते. हे मला कुणा उस्तादानं शिकवलं नाही, माझ्या भुवयांनी शिकवलं. धंद्याला लागलो त्या पहिल्याच वर्षी एक टाकी ‘रिकामीच तर आहे’ म्हणून तशीच तापवायला घेतली. झाकण उडालं ते समोरच्या पानपट्टीच्या पत्र्यावर जाऊन पडलं, आणि माझ्या दोन्ही भुवया गेल्या. पंधरा दिवसांवर माझं लग्न होतं. बहिणीनं सुरम्यानं भुवया काढून दिल्या. मांडवातल्या उकाड्यानं त्या गालापर्यंत उतरल्या. आमच्या लग्नाचा फोटो घरात आहे, पण तो भिंतीवर लावायचा नाही हा माझ्या बायकोचा, रशिदाचा, हुकूम आजतागायत कायम आहे.

माझं नाव बाबालाल. कराडात आणि आजूबाजूच्या चार तालुक्यांत मला टाकीवाला बाबूभाई म्हणून ओळखतात. वडील कल्हईवाले होते. गावोगाव जायचं, वडाखाली खड्डा करून भाता लावायचा, आणि बायाबापड्यांची पितळेची पातेली कथलानं चांदीसारखी करून द्यायची. मग घराघरांत स्टीलची भांडी आली आणि वडिलांचा भाता थंड पडला. मी मात्र कथील सोडलं नाही. पातेल्याच्या आतून फिरवायचं ते टाकीच्या बाहेरून लावायला लागलो, एवढाच फरक. स्टीलनं आमचं पोट मारलं आणि मोटरसायकलनं भरलं.

आमच्या कामाला ‘डाग देणे’ म्हणतात. ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी टाकी गाडीवरून उतरवायची, पेट्रोल काढायचं. मग धुण्याच्या सोड्याचं कढत पाणी आत घालून खळखळ हलवायची. असं तीन वेळा. आत गंज फार असेल तर मूठभर बारीक खडी टाकून हलवायची, म्हणजे खपल्या निघतात. नंतर झाकण उघडून नाक लावायचं. पेट्रोलचा वास आला की परत पहिल्यापासून. वास गेला की टाकीत पाणी भरायचं, वाफेला जागाच ठेवायची नाही, फक्त भोकाची जागा तेवढी वर कोरडी. तिथला रंग खरवडायचा, पत्रा उजळ करायचा, तेजाब लावायचं, आणि तांब्याची जड सळई तापवून कथील त्यावर पाण्यासारखं पसरायचं. शेवटी टाकी टबात बुडवून पंपानं हवा भरायची. बुडबुडा आला नाही की काम झालं. डाग देण्याला पाच मिनिटं लागतात, त्याच्या तयारीला अर्धा दिवस. गिऱ्हाइकाला पाच मिनिटंच दिसतात, म्हणून ते पैशाला कुरकुरतं.

टाकी गळते कुठून, तर पोटातून. पाणी पेट्रोलपेक्षा जड. कुठूनही आत शिरलेला पाण्याचा थेंब थेट तळाला जाऊन बसतो आणि तिथं निवांत पत्रा खात राहतो. वरून टाकी आरशासारखी चकचकीत असते, मालक रोज फडकं मारत असतो, आणि खाली चाळण झालेली असते. माणसांचंही बऱ्याचदा असंच असतं, पण तो माझा विषय नाही.

गळती थांबवायचे एकेकाचे उपाय ऐकले तर तुम्ही हसाल. भोकावर अंघोळीचा साबण घासून पन्नास मैल आलेले लोक मी पाहिलेत. ते शहाणे, कारण पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. वाटेत आलेल्या अडचणीत साबण हा खरोखर चांगला उपाय आहे, फक्त घरी पोचेपर्यंतच. ओगलेवाडीकडचा एक पैलवान गडी मात्र भोकाला गूळ लावून आला होता. गूळही पेट्रोलमध्ये विरघळत नाही हे त्यानं स्वतः शोधून काढलं होतं आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. “बाबूभाई, आट दिस झालं, थेंब न्हाई पडला,” तो म्हणाला. मी म्हटलं, “मग आलास कशाला?” तर म्हणाला, “मुंगळं लागल्यात. बूड टेकवू देईनात.” दुसरा एक तरुण, त्याच्या टाकीवर कुठल्याशा वाघाचं चित्र चिकटवलेलं. भोक बरोबर वाघाच्या पायाखाली. “डाग द्या, पर वाघाला धक्का न्हाई लागला पायजे.” मी त्याला विचारलं, वाघ हवा की गाडी? त्यानं खरंच विचार करायला वेळ मागून घेतला.

असे दिवस मजेत चालले होते आणि मला एक खोड लागली होती. मी कधीही कुणाला ‘टाकी बदला’ म्हणायचो नाही. आमच्या रस्त्यावरचे मेकॅनिक सरळ नवी टाकी लिहून देतात. माझ्याकडे ती टाकी आली की मी म्हणायचो, “बदलायची काय गरज? बाबूभाईचा डाग हाय. गाडी भंगारात जाईल, डाग न्हाई जायचा.” चहाच्या टपरीवर, लग्नात, मयतीत, कुठंही हेच. रशिदा म्हणायची, “इत्ता घमंड अच्छा नई जी.” मी म्हणायचो, घमंड नाही, हमी आहे.

त्याच सुमारास सर्जेराव आले.

सर्जेराव कडेगावच्या पुढच्या एका गावचे, पन्नाशीला टेकलेले, तीन एकर ऊस, घरी बायको, एक मुलगी आणि म्हातारी आई. वडील सैन्यात होते. सीमेवरून धडधाकट परत आले आणि पेन्शन आणायला निघालेले असताना हमरस्त्यावर ट्रकनं उडवले. तेव्हापासून सर्जेराव गाडी चाळीसच्या वर नेत नसत. गाडी जुनी पण नीटनेटकी. टाकी डाव्या बाजूनं तळाशी गळत होती.

“मेकॅनिक म्हनतोय बदला,” ते म्हणाले. “तुमी काय म्हनताय?”

मी काय म्हणणार? तेच म्हटलं. डाग दिला, टबात बुडवून दाखवली, बुडबुडा नाही. सर्जेराव खूश होऊन गेले. जाताना एवढंच म्हणाले, की गाडी रिझर्व्हला लावली की आचके देते आणि बंद पडते. मी म्हटलं, कचरा असेल.

चार महिन्यांनी टाकी परत आली. माझा डाग जागेवर होता, अगदी ठणठणीत. त्याच्या शेजारी बोटभर अंतरावर नवं भोक. टाकी रिकामी करताना पेट्रोलसोबत वाटीभर पाणी निघालं आणि गाळणीत एक काळपट पान अडकलं. मी ते चिमटीत धरून फेकून दिलं. अंगणात गाडी उभी असते, पडलं असेल एखादं पान. आज सांगतो, ते पान मी फेकलं नसतं, जरा धुऊन पाहिलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

तिसऱ्यांदा टाकी आली तेव्हा दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्यासमोर सर्जेराव म्हणाले, “बाबूभाई, तुमचा डाग काय टिकंना गड्या.” नाकाला मिरच्या झोंबल्या. मला गुन्हेगार हवाच होता, तो आयता सापडला. हल्ली पेट्रोलमध्ये उसापासून केलेलं इथेनॉल मिसळतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं, हे मी मोबाईलवर ऐकलेलं. लगेच व्याख्यान सुरू केलं. “डागाला नाव ठिवू नगा सर्जेराव. दोष तुमच्या उसाचा हाय. तुमी कारखान्याला ऊस घालताय, त्योच फिरून पाणी घेऊन तुमच्या टाकीत येतोय आणि पत्रा खातोय.”

एवढं म्हणायचा अवकाश, सर्जेराव तर उठलेच, पण बाकावरचे सगळेच उठले. सगळेच ऊसवाले.

“आमच्या उसाला बोलायचं काम न्हाई,” एकजण म्हणाला.

“उसाचं वाडं खाऊन जनावरं जगत्यात, रस पिऊन मानसं जगत्यात, आन ह्याची टाकी तेवढी मरतीया व्हय?” दुसरा म्हणाला.

सर्जेराव तर म्हणाले, “उद्या तुमची चाबी वळंना झाली तर म्हनाल, कडेगावच्या पावसानं झालं.”

अर्धा तास हीच सभा. शेवटी एका म्हाताऱ्यानं तोडगा काढला, की उसाचा दोष नाही, कथलाचाही नाही, टाकीचा काळच वाईट आहे. सगळ्यांना ते पटलं. माझा हेका मात्र सुटला नाही. पुढचं वर्षभर येईल त्या गिऱ्हाइकाला मी इथेनॉलवर प्रवचन दिलं. इथेनॉल पाणी ओढतं हे खोटं नाही. पण ते असं वाटीवाटीनं ओढत नाही, हे मला कळायला हवं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

चौथ्या वेळी मेकॅनिकनं सर्जेरावांना हात जोडून सांगितलं, आता बदला, पत्रा पापडासारखा झालाय. सर्जेराव मला विचारायला आले. मी टाकी उन्हात धरून पाहिली. पत्रा खरंच पातळ झाला होता. मला ते दिसत होतं. तरीही मी म्हटलं, “एकदाच. तळाला पुरा पट्टा मारून देतो.” का म्हटलं? चार माणसांसमोर ‘बदला’ हा शब्द माझ्या तोंडातून निघेना, म्हणून. दुसरं काहीही कारण नव्हतं. हे लिहितानासुद्धा मला लाज वाटते.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, विट्याच्या रस्त्यावर ती टाकी माझ्या पट्ट्याच्या कडेनं उकलली. पेट्रोलची धार तापलेल्या इंजिनावर पडली आणि भडका उडाला. सर्जेराव चाळीसनंच चालले होते म्हणून वाचले. त्यांनी गाडी रस्त्याकडेच्या मातीत लोटून दिली, स्वतः दुसऱ्या बाजूला लोळले. उसाला पाणी पाजणाऱ्या दोघांनी पळत येऊन फावड्यानं माती टाकली. गाडीची वायर, सीट जळाली, सर्जेरावांची डावी नडगी भाजली. मिरजेच्या दवाखान्यात आठवडाभर होते.

मी भेटायला गेलो. सर्जेरावच हसून म्हणाले, “बाबूभाई, तोंड का पाडलंय? तुमच्या भुवया गेल्या व्हत्या, माजं नडगीवरचं क्यास गेलं. बराबरी झाली.” खाटेशेजारी त्यांची आई बसलेली. हौसामावशी. मुठीएवढी बाई, पण नजर अशी की सैन्यातला नवराही दबून असेल. मला म्हणाली, “टाकी तूच जोडतोस न्हवं? नीट जोड बाबा. एकच ल्योक हाय.”

ते वाक्य मी घरी घेऊन आलो. गाडी दुरुस्त व्हायला दिली आणि टाकी मी आणली. ती नुसती उघडून बघायची होती मला. पोटात उरलेलं फडक्यातून गाळलं. पाणी, गंजाचा लाल गाळ, आणि पानं. एक नाही, पाच-सहा. पेट्रोलमध्ये राहून काळी झालेली, पण देठ शाबूत. या वेळी मी ती फेकली नाहीत. धुऊन कागदावर ठेवली. रशिदा चहा घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, “ये तो तुळशी है.” झाकणाला किल्ली असलेल्या टाकीत तुळस उडून पडत नाही.

ती टाकी पुन्हा रस्त्यावर आणायची नाही हे मनाशी ठरलेलं होतं, पण चोर पकडायला एकदा ती बसवणं भाग होतं. लांबी म्हणजे पुट्टी चोपडून भोकं तात्पुरती बुजवली, आणि सर्जेराव आणि दुरुस्त झालेली गाडी घरी आल्यावर एका शनिवारी सकाळी पोत्यात गुंडाळून एसटीनं त्यांच्या गावी गेलो. त्यांच्या अंगणात बसून गाडीला टाकी चढवली. सर्जेराव काठी टेकत अंघोळीला गेले. जाताना त्यांनी गाडीची किल्ली देव्हाऱ्याच्या खिळ्याला अडकवली. घरातल्या किल्ल्या देवापाशी ठेवायची त्यांच्याकडे पद्धत. मी हात धुवायला गोठ्यामागच्या नळावर गेलो आणि तिथून गाडीकडे बघत राहिलो.

हौसामावशी बाहेर आल्या. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात पळी-पंचपात्र. गाडीला हळदकुंकू लावलं. चाकाला नमस्कार केला. मग इकडंतिकडं बघून किल्लीनं टाकीचं झाकण उघडलं आणि तुळशीच्या पानासकट पळीभर पाणी आत सोडलं. एक पळी. दुसरी पळी. तिसरी भरली आणि तेवढ्यात त्यांना मी दिसलो.

“बघितलंस व्हय?” त्या जराही न गडबडता म्हणाल्या. “कुनाला बोलू नगंस. सर्जाला तर आजाबात न्हाई. हसंल मला.”

“मावशी, काय वतलं ह्ये?”

“तीर्थ हाय. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं. जावंचा ल्योक कराडास्नं कॅन भरून आनतोय.”

“आन टाकीत?”

“मग कुटं? ह्याचं वडील गेल्यापास्नं मी चाकावर शिपडत व्हती. पर मनाला पटंना. मानसाला तीर्थ देताना पायावर वततो का आपुन? पोटात गेल्याबिगर गुन यील का?”

मावशी झाकण लावत पुढं बोलत होत्या. “आदी आठवड्याला एक पळी घालायची. टाकी गळाया लागली तवा मला भ्या वाटलं, म्हनून दोन केल्या. परत गळाली, तीन केल्या. आता तर ह्यो एवढा भाजला. आजपास्नं रोज घालनार हाय.”

वर्षभर मी ऊस, सरकार, कंपनी, हवा, सगळ्यांना शिव्या घातल्या होत्या. इकडं टाकी गळाली की म्हातारीचा धीर सुटत होता, धीर सुटला की पळी वाढत होती, आणि पळी वाढली की टाकी गळत होती. त्यात मी प्रत्येक वेळी डाग देऊन ती पुन्हा रस्त्यावर सोडत होतो.

“आन बघ,” मावशी म्हणाल्या, “भडका उडाला, पर जीव वाचला का न्हाई? कशानं वाचला, सांग.”

मी टाकीच्या बुडाकडं बघत राहिलो. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. बाई साधी नव्हती. तीर्थाची पळी हातात तशीच राहिली, आणि आवाज एकदम खाली आला.

“बाबालाल, आसं काय बघतोयस? त्या पान्यानं टाकीला कायबाय व्हतंय का?”

मी धंद्यात चाळीस वर्षं काढली. चाळीस वर्षांत माझ्याकडं इतका सरळ प्रश्न कुणी घेऊन आलं नव्हतं, आणि उत्तरही इतकं सरळ कधी नव्हतं. एक ‘व्हय’ म्हणायचं होतं. माझा डाग खरा होता, चारही वेळा खरा होता, आणि ते मी आता चारचौघांत सिद्ध करू शकत होतो. पण नवरा रस्त्यानं नेलेली ती बाई त्या एका ‘व्हय’नंतर लेकाच्या भाजलेल्या पायाकडं कशी बघणार होती?

“न्हाई मावशी,” मी म्हटलं. “तीर्थानं काय व्हनार? माजा डाग कच्चा पडला.”

“चारी येळा?”

“चारी येळा.”

मावशींनी सुटकेचा श्वास सोडला तो मला ऐकू आला. आणि मग त्यांनी मला जे फैलावर घेतलं! “मुडद्या, येत न्हाई तर जोडायचं कशाला? आदी सांगायचं न्हाईस? माज्या लेकाचा पाय गेला आस्ता म्हंजी? केसं पिकली तरी हात शिकला न्हाई व्हय तुजा?” सर्जेराव टॉवेल गुंडाळून धावत बाहेर आले. सून आली. शेजारची दोन घरं आली. मी मान खाली घालून उभा. खोटं सांगत नाही, त्यातलं निम्मं मला लागूच होतं. चौथ्या वेळी पापडासारखा पत्रा डोळ्यांनी बघून मी ‘बदला’ म्हटलं नव्हतं, त्याचं खापर कुणा दुसऱ्याच्या डोक्यावर फोडता येणार नव्हतं.

त्यांचा जोर ओसरल्यावर मी जन्मात पहिल्यांदा ते वाक्य बोललो. “सर्जेराव, टाकी बदला. नवी घ्या.”

पण नव्या टाकीचंही तेच होणार होतं. म्हणून सर्जेराव कपडे घालायला आत गेल्यावर मी मावशींच्या शेजारी कट्ट्यावर बसलो. म्हटलं, “मावशी, रागावला न्हाई तर एक सांगू? टाकी म्हंजे गाडीचं पोट न्हवं. ती नुसती घागर. घागरीला तीर्थ देऊन काय उपेग?”

“मग कुटं द्याचं?”

“तीर्थ आपुन पितो, पर उरल्यालं डोळ्याला लावतो का न्हाई? गाडीचा डोळा म्हंजे म्होरचा दिवा. रस्ता त्योच बघतोय. त्याला लावा.”

मावशींनी पदरानं पळी पुसली. मग म्हणाल्या, “ह्ये मातूर पटलं. डाग कच्चा आसला तरी डोस्कं पक्कं हाय तुजं.”

सर्जेराव मला एसटी थांब्यावर सोडायला काठी टेकत आले, तेव्हा त्यांना सगळं खरं सांगितलं. ते रस्त्याकडेच्या मोरीवर बसले आणि पोट धरून हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. एसटी आली तेव्हा ते म्हणाले, “बाबूभाई, गावात तुमचं नाव जाईल की वं.” मी म्हटलं, जाऊ द्या, लय वर्षं वाजवलंय.

नाव गेलं, आणि चांगलंच गेलं. मावशींनी कीर्तनाला, भजनाला, बाजाराला, जिथं जातील तिथं सांगितलं. कडेगावकडची गिऱ्हाइकं कमी झाली. आमच्या टपरीवर मी चहाला गेलो की कुणीतरी हटकून म्हणतं, “कप नीट बघून घ्या, बाबूभाईचा डाग नसंल ना?” गेल्या वर्षी सर्जेरावांच्या मुलीचं लग्न झालं. मावशींनी मला भर मांडवात हाताला धरून व्याह्यांपुढं नेलं. “ह्योच त्यो कच्च्या डागाचा. मानूस मातूर सोन्यासारखा हाय. फकस्त टाकी दिऊ नगा ह्याच्याकडं.” व्याही हसले, मीही हसलो. मांडवाच्या दारात सर्जेरावांची गाडी उभी होती. गाडीवर धूळ, चाकाला चिखल, पण दिवा असा लखलखीत की त्यात तोंड बघून फेटा बांधावा.

आता मी टाकी हातात घेतली की आधी पत्रा उन्हात धरतो, आणि पातळ दिसला की ‘बदला’ म्हणतो. सुरुवातीला जीभ अडखळायची, आता सवय झाली. आणि झाकणाची किल्ली घरात कुठं ठेवता, हेही विचारतो. गिऱ्हाइकांना वाटतं, म्हातारा चळला.

हे सगळं कधीतरी कागदावर यावं असं वाटत होतं. कारण खरं सांगू? कच्चा डाग म्हटलं की अजूनही काळजात कळ उठते. कारागीर माणूस आहे, दुसरी दौलत नाही. निदान तुम्हाला तरी कळावं, की त्या चारांतला एकही डाग सुटला नव्हता.

सर्जेराव, हा अंक तुमच्या घरी येतो हे मला माहीत आहे. वाचून झाला की कपाटात वरच्या फळीवर ठेवा, मावशींचा हात पोचणार नाही अशा जागी. त्यांना वाचता येत नाही, पण माझा फोटो बघून त्या विचारतील, बाबालालनं काय लिवलंय. तेव्हा सांगा, डाग कच्चा पडल्याची माफी मागितलीय.